शिक्का राहू द्या, आधी बुडाची कड बघा

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवर लेख आला आणि सोबत बुडाखालच्या शिक्क्यांचा तो रंगीत तक्ता, कुठला शिक्का कुठल्या सम्राटाचा, कधीपासून कधीपर्यंतचा, आणि शेवटी एक ओळ की यातला शिक्का तुमच्या घरातल्या भांड्याखाली सापडला तर नशीब उघडलंच समजा. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसते बुडांचे फोटो चाललेत. मी पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, कारखान्यात नोकरी केली हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत, त्यामुळे "काका, जरा बघा ना, मिंग आहे का?" हे रोजचंच झालंय. बरं फोटो फक्त शिक्क्याचा, अख्ख्या भांड्याचा एकही नाही. एकीच्या बाउलखाली सहा चिनी अक्षरं आणि त्यांच्या शेजारीच इंग्रजीत मायक्रोवेव्ह सेफ. आता काय बोलायचं.

लेख वाईट नव्हता, फोटो तर मस्तच होते. पण तो तक्ता छापायला नको होता, आणि छापलातच तर खाली ठळक अक्षरात लिहायला हवं होतं की शिक्का ही भांड्यावरची सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. लांबलंय, कापायचं तिथे कापा, फक्त बुडाच्या कडेबद्दल लिहिलंय ते कापू नका.

आधी शिक्क्याचंच घेऊ. नेहमीचा शिक्का सहा अक्षरांचा, निळ्या रंगात, ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या) खाली, तीन-तीन अक्षरांच्या दोन उभ्या ओळी, उजवीकडून वाचायला सुरुवात करायची. पहिली दोन अक्षरं महान मिंग किंवा महान छिंग अशी घराण्याची, मधली दोन सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावाची आणि शेवटची दोन म्हणजे त्या काळात घडवलं असा अर्थ. ऐकायला एकदम सरळ. आता यातली मेख बघा. चेंगह्वा सम्राटाची कारकीर्द १४६५ ते १४८७. त्या काळातल्या कामाचा पुढच्या चिनी कुंभारांना एवढा आदर की कांगशीच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६२ ते १७२२ मध्ये, ते आपल्या ताज्या भांड्यांखाली सर्रास चेंगह्वाचं नाव घालायचे, दोनशे वर्षांनी! त्यात फसवणूकच असायची असं नाही, जुन्या उस्तादांना नमस्कार केल्यासारखं ते होतं. त्यात १६७७ साली जिंगदेझेनच्या, म्हणजे चिनी भांड्यांच्या मुख्य गावच्या, अधिकाऱ्याने हुकूम काढला की चालू सम्राटाचं नाव भांड्यावर टाकायचं नाही, कारण भांडं फुटणार, उकिरड्यावर जाणार, आणि मग नावाची विटंबना. झालं, मग कोणी जुन्या सम्राटाचं नाव घालतंय, कोणी एखादं पान काढतंय, कोणी नुसती दोन निळी वर्तुळं काढून मधली जागा मोकळी सोडतंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्वांगशूच्या काळात कांगशीच्या नावाची फॅशन आली, १९१२ नंतर रिपब्लिकच्या काळात च्यानलुंगच्या नावाची. जपानी कुंभारांनीही आपल्या मालावर मिंगचे शिक्के मारलेत. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने तर १८४५ पासून चिनी एक्स्पोर्ट मालाच्या हुबेहूब नकला करायचा धंदाच केला. रिक्षाच्या मागच्या काचेवर मर्सिडीजचं स्टिकर असतं म्हणून आपण मीटरपेक्षा जास्त पैसे देत नाही ना, मग इथेच अक्कल कुठे जाते?

शिक्का एवढंच सांगतो की भांडं त्या कारकिर्दीच्या आधीचं नाही. नंतरचं कितीही असू शकतं, अगदी मागच्या महिन्यातलं सुद्धा. उलट ज्याला लोक नाक मुरडतात तो इंग्रजीत लिहिलेला चायना हा शब्द जास्त कामाचा. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, तो १८९१ पासून लागू झाला, म्हणून तो शब्द दिसला की भांडं साधारण त्यानंतरचं. ऑक्युपाइड जपान असं असेल तर १९४५ ते १९५२, वाद नाही. एवढं नेमकं तुम्हाला चेंगह्वाचं नाव कधीच सांगणार नाही.

आता माझा अधिकार काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण टिकोजीराव. मी ठाण्याच्या बाजूला हाय टेन्शन लाइनचे इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. विजेच्या खांबावरचे ते तपकिरी, पांढरे डबे असतात ना, ते पण पोर्सिलेनच. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ, भट्टी १३०० अंशांच्या आसपास. केओलिन हे नाव जिंगदेझेनजवळच्या काओलिंग गावावरून आलंय हे मला नोकरीत असतानाच कळलं होतं आणि तिथूनच हा नाद लागला. जिंगदेझेनचे कुंभार कच्च्या भांड्यावरच ग्लेझ चढवून एकदाच भाजायचे, युरोपात आधी बिस्किट, म्हणजे बिनग्लेझचं कोरं भांडं, भाजून मग ग्लेझ, पुन्हा भट्टी. आमचे इन्सुलेटर पण कच्च्यावर ग्लेझ, एकच भाजणी. त्यामुळे जुनं चिनी भांडं हातात आलं की मला ते कलावस्तू वगैरे नंतर दिसतं, आधी भट्टीतून बाहेर आलेला माल दिसतो. हा कुठे टेकला होता, आच कुठून लागली, ग्लेझ कुठे पुसलं, कुठे ओघळलं. आमच्याकडे फुटक्या तुकड्याला दाबाखाली लाल रंगात ठेवायचे आणि रंग आत शिरला तर पूर्ण लॉट बाद. म्हणजे माती नीट पिकली की नाही हे वरून नाही, आतून कळतं. आणि भांड्याचं आतलं अंग उघडं दिसतं अशी साधारण एकच जागा, बुडाची कड.

ग्लेझ म्हणजे काच. भट्टीत ती वितळते, म्हणून भांडं ज्यावर टेकतं तेवढी कड कुंभार पुसून घेतो, नाहीतर ते खाली चिकटून बसेल. ती पुसलेली कड म्हणजे उघडी माती. भांडं टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उलटं ठेवा (मानेला किंवा कानाला धरून उचलू नका, कान चिकटवलेला असू शकतो) आणि कडेवरून बोट फिरवा. जिंगदेझेनचं चांगल्या काळातलं काम असेल तर कड बारीक, गच्च, हाताला गुळगुळीत लागते. अठराव्या शतकातल्या सरकारी भट्ट्यांच्या मालाची कड अशी गोलसर असते की चिनी संग्राहक तिला लोच माशाची पाठ म्हणतात. बाजारू एक्स्पोर्ट मालाची कड खरबरीत, कधी भट्टीतली वाळू चिकटलेली. दोन्ही जुनी असू शकतात, प्रश्न ती कड बाकीच्या भांड्याशी जुळते का हा आहे. वर राजवाड्याचा शिक्का, राजवाड्याची नक्षी आणि खाली कड मात्र घाईत कापलेली, तर काहीतरी गडबड.

मग बघा माती आणि ग्लेझ जिथे मिळतात ती रेघ. बऱ्याच जुन्या भांड्यांत तिथे नारिंगी-तपकिरी बारीक रेघ असते. मातीतलं लोह भट्टी थंड होताना हवेशी मिळून गंजाचा रंग घेतं, त्यामुळे. ही रेघ कुठे जाड, कुठे गायब, कधी मातीत विरघळल्यासारखी. नकली माल करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, ते काय करतात तर ब्रशने लोहाचं पाणी लावतात, मग ती रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते, सुरुवात आणि शेवट एकमेकांवर चढलेले दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात ते, दोन-चारशे रुपयांत मिळतं, आणि ती रेघ पूर्ण गोल फिरून बघा. अर्धा गोल बघून थांबू नका.

त्याच भिंगाने झीज बघायची. शे-दोनशे वर्षं भांडं घासलं, ठेवलं, सरकवलं गेलं असेल तर त्याच्या कडेवर आणि ताटलीच्या मधल्या भागात ओरखडे असणारच, पण ते वाट्टेल त्या दिशेने, काही खोल काही उथळ, जिथे हात-चमचा लागतो तिथे जास्त. सँडपेपरचे ओरखडे एका दिशेने धावतात आणि जिथे कधी काही लागणारच नाही अशा खोबणीत पण असतात. नव्या ग्लेझची चमक मारायला ॲसिड लावतात, त्याने चमक जाते पण सगळीकडून एकसारखी जाते, भांड्यावर धुकं बसल्यागत. भेगांमध्ये चहा, परमँगनेट, चिखल भरतात. मटण स्ट्रीटवर एकाने मला निळी-पांढरी बरणी दाखवली, आत सुकलेला चिखल, "साब, मिंग है, खुदाई में निकली". बरणीच्या आत हात घातला. मोठ्या जुन्या बरण्या दोन-तीन तुकड्यांत फिरवून जोडलेल्या असतात, जोड आतून बोटाला लागतो. ही आतून एकदम सपाट, म्हणजे साच्यात ओतलेली. भिंगातून निळ्या फुलाकडे बघितलं तर छपाईचे बारीक ठिपके, एकसारखे, रांगेत, वर्तमानपत्रातल्या तुमच्या फोटोत असतात तसेच. मी काही बोललो नाही, बरणी खाली ठेवली, तर तोच हसून म्हणाला, "अंकल, आप तो लाइन के आदमी निकले," आणि कटिंग मागवला. त्याचा राग येत नाही हो. चोर बाजारात शहाणपण गिऱ्हाइकाने घरून आणायचं असतं. राग येतो तो गुळगुळीत कागदावर सर्टिफिकेट छापून देणाऱ्यांचा. आमच्या ओळखीतल्या एकांनी अशा सर्टिफिकेटसकट फुलदाणी घेतली, सर्टिफिकेटवर होलोग्राम, सही, सगळं, फक्त कोणी तपासलं, कशावरून ठरवलं आणि चुकलं तर पैसे परत का, हे कुठेच नाही.

रंगांचंही एक सांगतो, कारण त्यात खरंच मजा आहे. भांड्यावर गुलाबी रंग आहे, तो फिका-गडद होत जाणारा गुलाबी, आणि शिक्का मिंगचा, तर वाद संपला. तो गुलाबी सोन्यापासून होतो, सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत, आणि चीनमध्ये तो १७२० च्या आसपास आला, त्याआधी त्यांच्याकडे नव्हताच. कांगशीच्या काळात हिरव्या रंगाचा जोर. निळ्याचंही तसंच. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणकडून आलेला कोबाल्ट वापरायचे, त्यात लोह जास्त, म्हणून जिथे रंग दाट पडला तिथे काळपट ठिपके आणि ते ग्लेझमध्ये रुतलेले, बोटाला खड्डा लागतो. पुढे अठराव्या शतकात लोकांना ते ठिपके इतके आवडायला लागले की कुंभार मुद्दाम ब्रशने निळ्यावर निळे टिंब द्यायला लागले. ते टिंब बघा, नीट मांडलेले असतात, रुतलेले नसतात. जी गोष्ट आधी दोष होती तिचीच पुढे नक्कल झाली, क्वालिटी कंट्रोलवाल्या माणसाला याहून मोठं समाधान नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो, तो पण घ्या. अंधारात भांड्यावर मारला की रेझिन भरून दुरुस्त केलेला भाग वेगळाच चमकतो, वरून रंगवलेला असला तरी. टिचकी मारून आवाज ऐकणं हे भेगेसाठी आहे, वयासाठी नाही. स्वच्छ आवाज आला म्हणजे तडा नाही एवढंच, कालच्या कपाचाही स्वच्छ येतो. आणि हो, आपल्याकडे १८७० च्या दशकात जे. जे. स्कूलमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली निळ्या-हिरव्या रंगाची सुंदर भांडी झाली, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ठेवलीत. ती पोर्सिलेन नाहीत, साधी माती, ग्लेझ नसलेल्या जागी पाण्याचा थेंब टाका, पिऊन टाकेल. पोर्सिलेनवर थेंब तसाच उभा राहतो. लोक असली भांडी चिनी समजून येतात आणि चिनी नाही म्हटल्यावर नाराज होतात, खरं तर मुंबईचं म्हणून त्यांनी ती जास्त जपायला हवीत.

लॅबची टेस्ट करून घेऊ का असं पण विचारतात. थर्मोल्युमिनेसन्स नावाची पद्धत आहे, माती शेवटची कधी भाजली गेली ते त्यातून काढतात, पण त्याला बुडातून बारीक ड्रिल मारून नमुना काढावा लागतो, आणि उत्तर नेमकं नाही, बरंच मागेपुढे होऊ शकेल असं येतं. शिवाय लबाड लोक जुन्या भांड्याचं खरं बूड नव्या भांड्याला जोडतात, नमुना निघतो बुडातून, रिपोर्ट येतो जुनं! म्हणून परत तेच, बूड आणि अंग यांचा जोड डोळ्यांनी आधी बघायचा.

तुमच्या लेखात लिलावांच्या किमती दिल्या होत्या, त्या बरोबर आहेत, पण अर्धवट. २०१४ मध्ये हाँगकाँगला चेंगह्वा काळातला कोंबड्यांचं चित्र असलेला एवढासा प्याला २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला आणि शांघायच्या लिऊ यीछ्येन यांनी त्यातून चहा पिऊन फोटो काढला, हे खरं. पण २०१० मध्ये लंडनजवळ एका घरात सापडलेली फुलदाणी ४ कोटी ३० लाख पौंडांना पुकारली गेली आणि घेणाऱ्याने पैसेच दिले नाहीत, पुढे ती बऱ्याच कमी पैशांत खासगीत विकली गेली, हे का नाही लिहिलं? आणि २०२२ मध्ये फ्रान्समध्ये फाँतेनब्लोला काय झालं? लिलाववाल्यांच्या तज्ज्ञाने एका चिनी फुलदाणीबद्दल सांगितलं की विसाव्या शतकातली आहे, अंदाज १५०० ते २००० युरो, आणि बोली चढत चढत ७७ लाख युरोवर गेली. बोली लावणाऱ्यांचं म्हणणं अठराव्या शतकातली, तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम, शेवटी तज्ज्ञाचंच काम गेलं. माझं विचाराल तर मला त्या तज्ज्ञाबद्दल आदर आहे. गर्दी ओरडतेय म्हणून भांड्याचं वय बदलत नाही.

आणि दुसरी बाजू, जुनं म्हणजे महाग हेही खोटं. तेक सिंग नावाचं जहाज १८२२ मध्ये बुडालं, त्यातली साडेतीन लाखांच्या आसपास भांडी वर काढून २००० साली जर्मनीत विकली. सगळी अस्सल, सगळी तारखेसकट, आणि बहुतेक रोजच्या वापराच्या वाट्या-ताटल्या, सामान्य माणसाला परवडतील अशा. चिन्यांनी शतकानुशतकं जगभर माल पाठवलाय, जुनं भांडं ही दुर्मीळ गोष्ट नाहीच मुळी.

मुंबईत तर नाहीच नाही. इथून कापूस आणि अफू चीनमधल्या कँटन बंदराला जायची, तिकडून चहा, रेशीम, साखर आणि भांडी यायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांचा पैसा त्या फेऱ्यांतलाच, अफूसकट, आणि त्यावर उभी राहिलेली हॉस्पिटलं-शाळा आपण अजून वापरतोय. तेव्हा मुंबईच्या घरांत जे चिनी निघतं ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातला कँटनचा एक्स्पोर्ट माल: मधे गोल, भोवती खणांमध्ये माणसं आणि फुलं-पाखरं, गुलाबी-हिरवा भरगच्च रंग, किंवा निळ्या-पांढऱ्या आल्याच्या मुरंब्याच्या बरण्या. भांडं घडवायचे जिंगदेझेनला आणि रंग चढायचा कँटनमध्ये, गिऱ्हाइकाच्या पसंतीने. यात मिंग नाही, राजवाडा नाही, बहुतेकांवर शिक्काही नाही. म्हणजे तुमच्या तक्त्याप्रमाणे ही भांडी शून्य किमतीची! आणि नेमकी तीच या शहराच्या इतिहासाची आहेत.

हे बोचतंय कारण सध्या गिरगाव, दादर, ताडदेव सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि माळे रिकामे होतायत. माझ्या मित्राची गिरगावातली चाळ खाली झाली तेव्हा माळ्यावरून गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन ताटल्या निघाल्या, त्याचे आजोबा एका पारशी पेढीत मेहताजी होते. ताटल्यांबरोबर आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, कोणत्या शेटजींनी कुठल्या दिवाळीला दिल्या ते लिहिलेली. ताटल्या सुनेने पुसून शोकेसमध्ये ठेवल्या आणि चिठ्ठी वर्तमानपत्रासकट रद्दीत. अहो, त्या चिठ्ठीने ताटल्यांना जे वजन होतं ते हजार सर्टिफिकेटांनी येणार नाही! कुठून आलं, कोणाकडून आलं, बिल, फोटो, लग्नाच्या अहेराची यादी, खोक्यावरचं लेबल, काही काही टाकू नका. आणि घरच्यांचे किस्सेसुद्धा लिहून ठेवा, मात्र किस्सा म्हणून. "पणजोबांना पेशव्यांनी दिलं" असं प्रत्येक तिसऱ्या घरात ऐकायला मिळतं.

विकायचंच असेल तर कायदा माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. मुलाकडे अमेरिकेला जाताना बॅगेत घालून नेऊ असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी आधी सायनला पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात चौकशी करावी.

आता शिकायचं कुठे? पुस्तकांनी आणि यूट्यूबने डोळा तयार होत नाही, अस्सल माल बघूनच होतो. त्यासाठी काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत, आणि बहुतेक वेळा त्या दालनात तुम्ही आणि पहारेकरी दोघंच असता. एकाच काचेच्या कपाटासमोर अर्धा तास उभे राहा, पांढरा रंग किती प्रकारचा असतो ते बघा, कुठला निळसर, कुठला दुधाळ. अडचण एकच, सगळी भांडी सरळ ठेवलेली. बूड दिसत नाही!

आणि मुंबईकरांना आणखी एक माहीत नसतं. जगातला चिनी पोर्सिलेनचा एक सर्वोत्तम संग्रह जमवणारे सर पर्सिव्हल डेव्हिड हे १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेले, वडील सर ससून डेव्हिड, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. सतराशेच्या आसपास भांडी, आता ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलीत. त्यातल्या दोन उंच फुलदाण्यांवर मानेजवळ लिहिलंय की १३५१ साली एका भक्ताने या ताओ मंदिराला वाहिल्या. कोणी, कुठल्या मंदिराला, कुठल्या दिवशी, सगळं. त्या आधारावर चौदाव्या शतकातली बाकीची निळी-पांढरी भांडी ओळखायला लागले, कारण त्या लेखाशी माती, कड, रंग, नक्षी सगळंच जुळत होतं. तक्त्यातल्या शिक्क्यात आणि त्यात फरक आहे तो हा.

म्हणून दोन मागण्या. एक, काळा घोड्याच्या संग्रहालयाने महिन्यातून एक दिवस तरी लोकांना आपली भांडी घेऊन येऊ द्यावं, किंमत सांगू नये, खरेदी-विक्रीचं बोलू नये, फक्त हे काय आहे, साधारण कधीचं आहे, जपायचं कसं एवढं सांगावं. सोबत टेबलावर फुटके अस्सल तुकडे ठेवावेत, लोकांनी हातात घेऊन कड बघावी, फुटक्याला कोण चोरतंय. माझ्यासारखे दोन-चार रिटायर्ड लोक फुकट येऊन बसतील, मी तर नक्की बसेन. दुसरी मागणी तुमच्याकडे. पुढच्या वेळी अशा लेखासोबत एकाच भांड्याचे पाच फोटो छापा, समोरून, मागून, आतून, बुडाचा पूर्ण, आणि कडेचा भिंगातून, आणि शिक्का सगळ्यात शेवटी. संग्रहालयाने तो दिवस ठरवला तर त्याची बातमी पहिल्या पानावर नको, पण मृत्युलेखांच्या पानावरही नको, आणि जाहिरातीचा रेट लावू नका.

आपला,
एक जुना वाचक, दादर